निरीक्षकाचे नाव

"पापणी लवली की वाटी वाजव," आत्या म्हणाल्या. "दर वेळी. न चुकता."

"आणि हात दुखला तर?"

"तर दुसऱ्या हातानं वाजव. डोळा मात्र तोच."

मी चमचा हातात घेतला. शेजारच्या स्टुलावर उपडी वाटी, वाटीजवळ टेपरेकॉर्डर, टेपरेकॉर्डरजवळ ट्रान्झिस्टर, आणि या सगळ्या संसाराच्या मधोमध मी, उजवा डोळा दुर्बिणीला लावून आणि डावा रुमालानं बांधून बसलेली. जानेवारीतला मंगळवार होता. संध्याकाळचे सात चाळीस झाले होते. भारनियमनामुळे अख्खी दहिवडी अंधारात बुडाली होती. झाडून सगळा गाव वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडत होता आणि आमच्या गच्चीवर एक बाई म्हणत होती, "देव पावला!"

ही बाई म्हणजे माझ्या सासूबाई, कौसल्या गलांडे. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्या पाटबंधारे खात्यात तीस वर्षं अनुरेखक होत्या, म्हणजे कालव्यांचे नकाशे ट्रेसिंगच्या कागदावर शाईनं उतरवून काढायचं काम. केसभर रेघ चुकली तर पाणी भलत्याच्याच शेतात जातं, असं त्या सांगत. निवृत्त झाल्यावर बायका देवदर्शनाला निघतात; आत्यांनी सात महिने एका पिंपाभोवती प्रदक्षिणा घातल्या. पिंपावर एक काच, तिच्यावर दुसरी काच, मध्ये खरखरीत पूड. घासायचं, एक पाऊल सरकायचं, पुन्हा घासायचं. शेजारच्या रखमाकाकूंनी तेव्हा गावभर करून टाकलं होतं की कौसल्यानं काहीतरी अवघड नवस बोललाय. त्यातून आठ इंचांचा आरसा निघाला, आरशाची दुर्बीण झाली, आणि दुर्बिणीसाठी गच्चीवर पत्र्याची खोली उभी राहिली. खोलीचं छप्पर रुळांवरून सरकायचं. ग्रिलवाल्यानं त्याला फाटकाची जुनी चाकं बसवून दिली होती, त्यामुळे आत्या तारे बघायला बसल्या हे चार गल्ल्यांना कळायचं.

त्या संध्याकाळी काय व्हायचं होतं, ते त्यांनी मला महिनाभर आधीपासून शिकवलं होतं. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये हजारो दगड फिरतात, त्यांना लघुग्रह म्हणतात. चांगल्या दुर्बिणीतूनही ते नुसते ठिपके. पण असा एखादा दगड एखाद्या ताऱ्याच्या नेमका पुढून गेला, तर तारा काही सेकंद विझतो. दिव्यासमोरून हात फिरवावा तसा. त्या दगडाची सावली जमिनीवरून पट्ट्यासारखी पळत जाते. जो पट्ट्यात उभा असेल त्याला तारा विझलेला दिसतो, बाहेरच्याला नाही. दहा गावांतून दहा माणसांनी सेकंद मोजले की त्या दगडाचा आकार कागदावर काढता येतो.

पुण्याच्या टिळेकर सरांनी ही सगळी माणसं जमवली होती. सावलीचा पट्टा बारामती, इंदापूर, टेंभुर्णीवरून जाणार होता, सात वाजून बावन्न मिनिटांनी. तिकडे सहा दुर्बिणी लागल्या होत्या. आमची दहिवडी पट्ट्याच्या पन्नास किलोमीटर दक्षिणेला. लग्नघरात एखाद्याला बाहेर चपला राखायला बसवावं, तसं आमचं काम. तारा विझला नाही, एवढं लिहून द्यायचं.

"पण मग बसायचं कशाला?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"सावली कुठं नव्हती हे कळल्याशिवाय कुठवर होती हे कसं कळणार? शेताची हद्द दोन्हीकडून मोजावी लागते."

आत्यांनी तोवर अकरा अहवाल पाठवले होते. अकराही अहवालांत 'तारा विझला नाही'. कधी पट्टा सरकला, कधी त्या मुळातच बाहेर होत्या. पुण्यातली तरुण पोरं त्यांच्या अहवालांना नन्नाचा पाढा म्हणत. आत्यांनाही ते ठाऊक होतं. "खरं 'नाही' लिहिणं सोपं असतं का?" एवढंच त्या म्हणायच्या.

बाराव्या वेळी मात्र दुर्बिणीला त्यांचा डोळा नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, चंद्राला त्यांना सहा कडा दिसायच्या. ऑपरेशन मार्चमध्ये ठरलं होतं. पुण्याला त्यांनी यातलं काही कळवलं नव्हतं. टिळेकर सरांची यादी होती, त्या यादीवर दहिवडी असणं हे आत्यांच्या लेखी पेन्शनपेक्षा मोठं होतं, आणि एकदा नाव खाली आलं की वर चढवायला कोण बसलंय? म्हणून त्यांनी मला बसवलं. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातून थेट मांडवात आलेली. सासरी येऊन दोन वर्षं झाली होती आणि या घरात माझं मत कुणी विचारलं असेल तर ते भाजीत मीठ किती, एवढ्यापुरतंच.

शिकवताना त्या कठोर होत्या. टक लावून बघताना पापणी कधी लवते ते माणसाला कळत नाही, आणि तेवढ्यात तारा विझला असं वाटतं. म्हणून प्रत्येक पापणीला वाटी वाजवायची. ट्रान्झिस्टरवर एक स्टेशन दर सेकंदाला टिक असा ठोका द्यायचं. टेपवर ठोके, वाटी आणि माझा आवाज तिन्ही उतरले की वाद उरत नाही. तारा विझला की 'बंद', उजळला की 'चालू' म्हणायचं. आधी त्या 'गेला' म्हणायच्या, पण एकदा सरावात त्यांनी ते जोरात ओरडल्यावर रखमाकाकू डोक्यावर पदर घेऊन, तोंड पाडून जिना चढून आल्या होत्या.

"सरांनी तर सांगितलंय, एक मिनिट आधी सुरू करा," मी म्हणाले. "आपण बारा मिनिटं आधीच कशाला?"

"एसटी वेळेआधी सुटून गेल्याचं दुःख तुला नाही गं, मला आहे. टेप सुरू करते. आता बोलू नकोस."

मी बघत बसले. मिथुनेच्या पायाशी तो तारा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, दुर्बिणीत मात्र स्वच्छ. त्याच्या डावीकडे एक पिवळट तारा. टिक, टिक, टिक. मध्येच माझी वाटी. थंडीनं नाकाचा शेंडा बधिर झाला होता आणि बांधलेल्या डोळ्याला खाज सुटली होती. सात पन्नासचा लांब ठोका पडला.

आणि तारा विझला.

"बंद!" मी ओरडले. पिवळा जागच्या जागी होता, शेजारी नुसता काळोख. मग तारा जसा गेला तसाच लख्ख परत आला आणि मी 'चालू' म्हणायच्या ऐवजी ओरडले, "अगं बाई!"

आत्यांचा हात माझ्या खांद्यावर पडला. बोटं रुतली. पण त्या एक शब्द बोलल्या नाहीत, कारण टेप चालू होती. मी तशीच बघत राहिले. सात बावन्न झाले. तारा ढिम्म हलला नाही. सात पंचावन्नला त्यांनी टेप बंद केली.

"काय पाहिलंस?"

"तारा विझला. पण वेळ चुकीची आहे. आणि आपण तर बाहेर आहोत. आत्या, माझी पापणीच लवली असेल."

"मी वेळ विचारली नाही. काय पाहिलंस ते विचारलं."

"विझला. एक सेकंदभर. पिवळा विझला नाही."

खाली स्वयंपाकघरात कंदिलाच्या उजेडात आम्ही ती टेप किती वेळा ऐकली याला गणती नाही. माझे यजमान भारत दवाखान्यातून आले होते, ते गुरांचे डॉक्टर. ते जेवता जेवता ऐकत होते. ठोके, वाटी, ठोके, 'बंद', ठोका, 'अगं बाई'. सात वाजून पन्नास मिनिटं चौदा सेकंद. मध्ये एक सेकंद आणि थोडं वर. त्या सगळ्या वेळात वाटी एकदाही वाजली नव्हती. शेवटची वाटी चार सेकंद आधी, पुढची दोन सेकंद नंतर.

"ताऱ्याला काय झालं मग?" भारतनं विचारलं.

आत्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. "दगडाच्या पुढं आणखी एक छोटा दगड चाललाय," त्या म्हणाल्या. "म्हशीच्या पुढं रेडकू चालतं तसा. मोठ्याची सावली तिकडं बारामतीवरून गेली आणि धाकट्याची आपल्या डोक्यावरून."

"दगडाला चंद्र?"

"असतात. थोड्यांनाच आहेत, पण असतात."

मला हसू आलं आणि रडूही आलं. लगेच भीती वाटली. मी घाबरत म्हणाले, "आत्या, तुमचे अकरा अहवाल खरे आहेत. हा बारावा माझ्यामुळं खोटा निघाला तर?"

त्यांनी अहवालाचा फॉर्म काढला आणि भिंग डोळ्याला लावून, जाड स्केचपेननं, एकेक रकाना भरत बसल्या. मी बघायला वाकले तर म्हणाल्या, "तू झोप जा. मान अवघडली असेल तुझी." दुसऱ्या दिवशी भारतनं तो फॉर्म तालुक्याच्या चौकातून फॅक्स केला.

गुरुवारी दुपारी टिळेकर सरांचा फोन आला. मी ओट्याशी होते, मला आत्यांचंच बोलणं ऐकू येत होतं.

"नाही. पापणी नाही. टेप पाठवते, वाटी ऐका ना तुम्ही... घुबड आडवं गेलं? घुबडानं शेजारचा तारा का सोडला मग? ... सर, जे ऐकू येतं तेच लिहिलंय, 'अगं बाई' तर 'अगं बाई'... नाही, ते बदलणार नाही. फॉर्मवर जे आहे ते तसंच राहील... हो. कळलं. रविवार."

फोन ठेवून त्या पाटावर बसल्या.

"काय म्हणाले?"

"पट्ट्यातल्या सहाही जणांना तारा बरोबर दिसला विझताना. सहा सेकंद. पण पन्नास मिनिटांच्या सुमाराला कुणाला काही दिसलं नाही, कारण कुणी बघतच नव्हतं. सांगितलेल्या मिनिटालाच सगळे डोळा लावून. रविवारी संध्याकाळी सगळे अहवाल परदेशी पाठवायचेत. तोवर दुसरा साक्षीदार आणा, नाहीतर दहिवडीपुढं 'काही दिसले नाही' असं घालतो, म्हणाला."

"म्हणजे खोटं घालणार?"

"त्याच्या मते ते खरंच आहे. माणूस वाईट नाही. चार वर्षांमागं एकाच्या बोलण्यावर विसंबून त्यानं असलंच काही कळवलं होतं आणि हसं झालं होतं. दुधानं तोंड पोळलंय."

मला राग आला तो स्वतःचा. आयुष्यात एकदा काहीतरी जगावेगळं पाहिलं आणि त्यावर 'अगं बाई' म्हणून मोकळी झाले. सुनेच्या तोंडचं 'अगं बाई' कोण मानणार? मी तसं बोलूनही दाखवलं.

"मी मानते," आत्या म्हणाल्या. "माळ्यावरची नळकांडी काढ."

नळकांड्यात त्यांचे नकाशे होते. आम्ही जिल्ह्यांचा मोठा नकाशा जमिनीवर पसरला, कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवले. आत्यांना रेघ दिसत नव्हती, म्हणून त्या सांगत गेल्या आणि मी करत गेले. आधी बारामती ते टेंभुर्णी, सावलीच्या पट्ट्याची मधली रेघ. मग त्यावर ट्रेसिंगचा कागद टाकून ती रेघ उतरवली. मग कागद अलगद, तिरपा न होऊ देता, खाली सरकवला, रेघ दहिवडीवर येईपर्यंत.

"धाकटा दगड मोठ्याच्या बरोबरीनंच चाललाय. म्हणजे त्याच्या सावलीची रेघ याच दिशेनं जाणार. आता वाच. रेघेवर कोणती गावं आहेत?"

मी बोट फिरवत वाचत गेले. म्हसवडच्या जवळून, सांगोल्याच्या वरून, आणि मग नेमकी, अगदी नावावरून, मंगळवेढा.

"मंगळवेढा!" आत्यांनी मांडीवर थाप मारली. "सरांच्या यादीत मंगळवेढ्याचा एक जण आहे. आपल्यासारखाच, बाहेर बसवलेला. फोटो स्टुडिओवाला. इलाही मणेर."

शनिवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. फोन करावा असं मी म्हणाले, पण आत्यांनी मान हलवली. फोनवर आधी सगळं सांगितलं आणि मग त्याला दिसलं, तर लोक म्हणतील सांगितलं म्हणून दिसलं. गाडीत त्यांनी मला पाटीवर लिहावं तसं हिशेब करायला लावलं. सावली पूर्वेकडून येते. मंगळवेढा आमच्यापासून शंभर किलोमीटर पूर्वेला. सावली सेकंदाला बारा किलोमीटर धावते.

"म्हणजे आठ सेकंद आधी," मी म्हणाले. "सात पन्नास आणि सहा सेकंद."

"कागदावर लिही. घडी घाल. त्याला काही विचारायच्या आधी त्याच्या हातात दे."

मणेरांचा स्टुडिओ चौकात होता. दारात नवरा-नवरीचा फोटो, आत रंगवलेल्या धबधब्याचा पडदा. मणेर पन्नाशीचे, दाढी मेंदीनं लाल केलेले, कॅमेऱ्याच्या बॅगा भरत होते. आत्यांनी दारातूनच नाव सांगितलं.

"या की ओ ताई! गलांडेबाई म्हंजे तुम्हीच व्हय? यादीत नाव वाचतोय कवाधरनं. बसा, च्या सांगतो. माझी जरा घाई हाय, उद्या लगीन हाय नंदेश्वरला, आज हळदी कॅमेऱ्यात धरायच्यात."

"तुम्ही मंगळवारी तारा पाहिलात?"

"बघितला की. बावन्न मिनिटाला काय बी नाय झालं. फॉर्म धाडला मी, 'काही दिसलं नाही' म्हणून."

"डोळ्यानं पाहिलात?"

"न्हाय ओ. लग्नाचा कॅमेरा लावला दुर्बिणीला. मशीन बघतंय, आपण च्या पितोय."

आत्या खुर्चीत पुढं सरकल्या. "कॅमेरा सुरू कधी केलात?"

मणेर हसले. "पावणेआठलाच. ताई, मी पंचवीस वर्सं लग्नं धरतोय. मुहूर्त सांगतेत साताचा आन् भटजी अक्षता टाकतोय पावणेसाताला. आमच्या धंद्यात कॅमेरा आधीपासनंच चालू ठिवायचा."

"मग ते सगळं पाहिलंत?"

"सगळं कशाला? बावन्न मिनिटाचं तेवढं बघितलं, काय नव्हतं, झालं."

"ती कॅसेट कुठाय?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

मणेरांनी बॅगेकडं पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. "कोरी म्हणून हळदीला घेतली का काय मी?" त्यांनी बॅग टेबलावर उलटी केली. कॅसेटी घरंगळल्या. एकेक उचलून ते बघू लागले, मीही. 'पवार साखरपुडा'. 'बारसं, माळी'. कोऱ्या. कोऱ्या. शेवटून दुसऱ्या कॅसेटच्या चिठ्ठीवर निळ्या पेनानं लिहिलं होतं: 'तारा. काही नाही. पुसणे.'

ती माझ्या हाताला लागली. मी ती पदरात धरली. ती आता कुणी मागितली असती तर मी दिली नसती.

आत्यांनी घडी घातलेला कागद मणेरांच्या हातात ठेवला. "हा आधी उघडू नका. कॅसेट लावा."

टीव्हीच्या पडद्यावर मुंग्यांसारखी करडी मुरमुर आली, तिच्यात दोन ठिपके. ट्रान्झिस्टरचे ठोके ऐकू यायला लागले, आमचंच स्टेशन. आत्या खुर्ची ओढत पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांचं नाक काचेला लागायचं बाकी होतं. सात एकोणपन्नास. मणेर उभेच होते. चहावाला आला, कप ठेवून तोही थांबला. सात पन्नासचा लांब ठोका पडला. मी बोटांवर मोजत होते. एक. दोन. तीन. चार. पाच.

ठिपका विझला. शेजारचा होता तिथंच होता. एक ठोका. ठिपका परत आला.

"या अल्ला!" मणेर ओरडले. "हे कवा झालं?"

मी ओरडले नाही. आत्या अजून पडद्याला चिकटून होत्या, त्यांनी मान वळवली नाही.

"झालं का?" त्यांनी हळूच विचारलं. "जयमाला? झालं का गं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्यांना काहीच दिसलं नव्हतं. वीतभर अंतरावरून, भरदुपारी, त्यांना ती सगळी मुरमुरच दिसत होती. सहा वर्षं त्या ज्याची वाट बघत बसल्या होत्या ते डोळ्यांसमोर घडून गेलं होतं, आणि त्या मला विचारत होत्या.

"झालं," मी म्हणाले. "सहाव्या सेकंदाला. अगदी तसंच. आत्या, अगदी तसंच झालं."

त्यांनी डोळे मिटून घेतले आणि हसल्या. तसं हसताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं, सगळे दात दिसेपर्यंत. मणेरांनी घडी उघडली, कागद वाचला, पुन्हा पडद्याकडं पाहिलं, पुन्हा कागद वाचला. मग तो चहावाल्याला वाचून दाखवला. मग दारात जाऊन शेजारच्या टेलरला हाक मारली. दहा मिनिटांत त्या स्टुडिओत बारा माणसं जमली आणि मणेरांनी तो एक सेकंद त्यांना सात वेळा दाखवला. टेलर म्हणाला, एवढंच? मणेर म्हणाले, एवढंच म्हंजे काय रे, ह्याला अख्ख्या दुनियेत दोनच साक्षीदार हायत, एक दहिवडीत आन् एक मंगळवेढ्यात! हळदीवाल्यांचे दोन निरोप येऊन गेले होते.

मग पुण्याला फोन लावला. मणेरांनी बटण दाबून सगळ्यांना ऐकू येईल असं केलं. त्यांनीच सगळं सांगितलं, घडीच्या कागदासकट.

"कॅसेट जपून ठेवा," टिळेकर सर म्हणाले. "मी उद्या स्वतः न्यायला येतो. मणेर, पुसू नका हो ती. गलांडेबाई आहेत का तिथं?"

"आहे," आत्या म्हणाल्या.

"बाई, माझं चुकलं. पण तुम्हीही कमाल केलीत. फॉर्मवर निरीक्षकाचं नाव या रकान्यात तुम्ही तुमचं नाव घातलं असतंत, तर मी त्याच दिवशी डोळे झाकून मानलं असतं. अकरा वेळा तुम्ही खरं लिहिलंयत. मी गुरुवारी तेच म्हणत होतो ना, नाव बदला, मी लगेच पाठवतो. आणि शेऱ्यात मोतीबिंदूचं लिहायची काय गरज होती? कुणाला कळणार होतं?"

मी आत्यांकडं पाहिलं. मला वाटत होतं त्यांनी त्यांचंच नाव घातलं असेल. घर त्यांचं, आरसा त्यांचा, यादीतलं गाव त्यांचं. मला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं. त्या मंगळवारी रात्री भिंग लावून, जाड पेननं, त्या माझं नाव लिहीत होत्या आणि खाली स्वतःला दिसत नाही हे लिहीत होत्या.

"सर," आत्या म्हणाल्या, "माझं नाव घातलं असतं, तर तुम्ही मला खरं मानलं असतं. पण पाहिलं तिनं. मग ती कुठं राहिली असती?"

टेलरनं वळून माझ्याकडं पाहिलं.

"आणि यादीचं म्हणाल तर दहिवडी काढू नका," त्या पुढं म्हणाल्या. "डोळा आहे आमच्याकडं."

"काढतोय कोण?" टिळेकर सर म्हणाले. "त्यांना द्या जरा फोन."

आत्यांनी मला पुढं ढकललं. मी पदर सावरला, जसं काही ते मला बघत होते.

"नमस्कार जयमालाताई," पलीकडून आवाज आला. "मी कागद घेऊन बसलोय. तुम्ही नेमकं काय पाहिलंत ते मला तुमच्या शब्दांत हवंय. अगदी सुरुवातीपासून. घाई करू नका, एकही गोष्ट गाळू नका."

आजवर कुणी मला असं विचारलं नव्हतं. मी एकदा आत्यांकडं पाहिलं, घसा साफ केला आणि सुरुवातीपासून सांगू लागले, आणि पुण्यात ते एकेक शब्द लिहून घेत होते.